पगार चार हजार, हातात सव्वीसशे

जर्मनीत महिन्याला चार हजार युरो पगार आहे असं कळलं की आपल्याकडे पहिला हिशेब शंभराने गुणण्याचा होतो आणि चार लाखांचा आकडा ऐकून घरातली मंडळी खूश होतात. मग तिकडे राहून आलेलं कोणीतरी त्या आनंदावर पाणी ओततं: निम्मं कापून जातं, उरलेल्यातलं निम्मं घरभाड्यात, मागे काय राहतं? दोन्ही हिशेब अगदीच खोटे नाहीत, पण दोन्ही अर्धवट आहेत. तिथली मिळकत कळायची तर पगाराची स्लिप एकदा ओळीने वाचायला हवी. माणूस एकटा, मूलबाळ नाही, तिशीच्या आसपासचा, सार्वजनिक आरोग्य विमा योजनेतला, आणि दर २०२५ सालचे असं धरू. चार हजारांतून निवृत्तिवेतन विम्याचे ३७२ युरो जातात, आरोग्य विम्याचे साधारण ३४२, बेरोजगारी विम्याचे ५२, आणि म्हातारपणी किंवा अपंगत्वात जी शुश्रूषा लागते तिच्या विम्याचे ९६. या शेवटच्या विम्यात मूल नसलेल्यांना थोडा जादा हप्ता पडतो. हे झाले ८६२. त्यावर प्राप्तिकर साधारण ५३५. हातात येतात २,६०० च्या आसपास. गोव्याहून गेलेल्या एखाद्या कॅथलिक माणसाने नावनोंदणीच्या वेळी धर्माच्या रकान्यात खरं ते लिहिलं, तर प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के एवढा चर्चचा करही सरकारच कापून घेतं. हे अनेकांना पहिली स्लिप हातात पडल्यावर कळतं.

कामगाराच्या सहसा लक्षात येत नाही ते असं की याच चार विम्यांपोटी मालकही जवळपास तेवढीच रक्कम, म्हणजे ८३८ युरो, वेगळी भरतो. कंपनीला हा माणूस पडतो ४,८०० च्या वर आणि त्याच्या खात्यात जमा होतात २,६००. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना दरवर्षी हा फरक मोजते. २०२४ च्या तिच्या हिशेबात सरासरी पगाराच्या एकट्या जर्मन कामगारामागे तो ४७.९ टक्के निघाला. सगळ्या सदस्य देशांची सरासरी ३४.९ टक्के होती आणि जर्मनीच्या पुढे फक्त बेल्जियम होता. एवढं वाचून ‘ही तर लूट’ असं तोंडातून निघणं साहजिक आहे. पण यातले ५३५ युरो कर आहेत आणि दोघांचे मिळून १,७०० विम्याचे, हे पाहिलं की लुटीचा आरोप टिकत नाही. कर सरकारचा. विम्याचे पैसे मात्र माझ्या मते कामगाराच्या पगाराचाच दुसरा हिस्सा आहेत. आज हातात न देता अडीअडचणीच्या दिवशी द्यायचे असं ठरलेला हिस्सा. जर्मनीतली सामाजिक सुरक्षा ही सरकारची मेहेरबानी समजली की तिचं बळ कळत नाही, आणि ती नेमकी कुठे तोकडी पडते तेही सापडत नाही.

याला इतिहासात पुरावा आहे. जर्मन चान्सलर बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली म्हातारपणाचा व अपंगत्वाचा विमा आणला, तो समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढून घ्यायला. म्हातारपणाचं पेन्शन तेव्हा सत्तराव्या वर्षी सुरू व्हायचं आणि तिथवर पोचणारे कामगार थोडेच असायचे. पण आज जर्मन कामगाराच्या जी सवलत सगळ्यात अंगवळणी पडली आहे, म्हणजे आजारपणात सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार, ती काही बिस्मार्कने दिलेली नाही. कचेरीत बसणाऱ्यांना ती आधीपासून मिळत होती, यंत्रावर उभं राहणाऱ्यांना नव्हती. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातले जहाजबांधणी आणि धातुउद्योगातले कामगार यासाठी संपावर गेले आणि ऐन हिवाळ्यातले सोळा आठवडे बाहेर राहिले. संपाचा मुख्य मुद्दा तासाचा दर वाढवा हा नव्हताच. आजारी पडल्यावर आमचाही पगार चालू राहिला पाहिजे, हा होता. त्यातून १९५७ साली अर्धामुर्धा कायदा झाला आणि १९६९ च्या कायद्याने कामगार आणि कारकून एका पातळीवर आले. म्हणजे ही सवलत पगाराच्या वाटाघाटीत, पगारवाढीऐवजी मागून घेतलेली आहे. न्यायालयाचंही मत असंच आहे. २८ फेब्रुवारी १९८० च्या निकालात तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की निवृत्तिवेतन विम्यातून साठलेला हक्क ही राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाखाली संरक्षित मालमत्ता आहे. घर किंवा शेत जसं सरकारला मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही, तसा हा हक्कही येत नाही. दानाला असा दर्जा कुठलं न्यायालय देत नाही.

या कापलेल्या हिश्शातून मिळतं काय, ते थोडक्यात पाहू. सहा आठवड्यांच्या पुढे आजारपण लांबलं तर आरोग्य विमा संस्था एकूण पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम देते, एकाच आजारासाठी अठ्ठ्याहत्तर आठवड्यांपर्यंत. इस्पितळात दाखल झालं तर माणसाच्या खिशातून दिवसाला दहा युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांचे. औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे पाच ते दहा युरो. कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, माणशी जादा काही नाही, आणि चौघांच्या कुटुंबाला ही बाब केवढी मोठी आहे ते मुंबई-पुण्यात मेडिक्लेमचा हप्ता भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नोकरी गेली तर निव्वळ पगाराच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के, सर्वसाधारणपणे वर्षभर, उतारवयात दोन वर्षांपर्यंत. मंदीत कंपनीने कामाचे तास कमी केले तर बुडालेल्या पगाराचा तेवढाच भाग बेरोजगारी विमा भरून काढतो. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, सुमारे साठ लाख लोक या योजनेवर होते आणि म्हणूनच त्यांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. यात विम्यातून न येणाऱ्या, करातून चालणाऱ्या गोष्टीही आहेत: प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो (२०२५ चा दर), आईबापांचं उत्पन्न कितीही असो, बाळंतपणानंतर निव्वळ पगाराच्या साधारण पासष्ट टक्के आणि कमाल १,८०० युरो, दोघांनी मिळून रजा घेतली तर चौदा महिने, सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, अर्थात बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतंच. शंभराने गुणणारा आणि त्याच्या आनंदावर पाणी ओतणारा, दोघांच्याही हिशेबात हे धरलेलं नसतं.

विम्याच्या या मजल्याखाली आणखी एक मजला आहे, आणि भांडणं सगळी त्याच्यावरून होतात. ज्याने पुरेसे हप्ते भरलेले नाहीत, किंवा ज्याचा बेरोजगारी भत्ता संपला, त्याला करातून किमान निर्वाह मिळतो. गेऱ्हार्ड श्र्योडर चान्सलर असताना २००५ साली हा भाग नव्याने रचला गेला. फोल्क्सवागनच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख पेटर हार्ट्स यांच्या समितीने ती रचना सुचवली म्हणून लोक त्याला ‘हार्ट्स चार’ म्हणू लागले, आणि ते नाव जवळजवळ शिवीसारखं झालं. २०२३ साली त्याची जागा ‘ब्युर्गरगेल्ड’ने घेतली आणि आताच्या युती सरकारने तेही नाव आणि नियम पुन्हा बदलायला घेतले. एकट्या माणसाला त्यात महिन्याला ५६३ युरो मिळतात, शिवाय घरभाडं आणि घर गरम ठेवण्याचा खर्च, आणि आरोग्य विमा. ५६३ हा आकडा अंदाजाने ठरलेला नाही. २०१० साली घटना न्यायालयाने सांगितलं की माणसाची प्रतिष्ठा राखणारं किमान जगणं हा घटनादत्त हक्क आहे आणि त्याची रक्कम सरकारने उघड, तपासता येईल अशा पद्धतीने मोजली पाहिजे. म्हणून त्या ५६३ ची फोड उपलब्ध असते: खाण्यापिण्याला साधारण १९५, फोन-इंटरनेट-टपालाला ५०, प्रवासालाही तेवढेच, विजेसकट घराच्या किरकोळ खर्चाला ४८ च्या आसपास, आणि शिक्षणाला सुमारे दोन. महिन्याला दोन युरोंत कोणी काय शिकावं, हे या तक्त्याने सांगितलेलं नाही. देशभर चालणारा बस-लोकलचा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंना होता. प्रवासाचे ५० त्यालाही पुरत नाहीत.

तरीही आक्षेप असा आहे की फुकट मिळालं की कोण कशाला काम करेल. हा आक्षेप जर्मनीतल्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो आणि आपल्याकडच्या वाचकालाही तो पटकन पटतो, म्हणून तो आकड्यांनीच तपासलेला बरा. २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला २,२०० च्या थोडं वर होतात आणि कापाकापी होऊन हातात येतात साधारण १,६००. काम न करणाऱ्या एकट्या माणसाला ५६३ आणि ५५० युरोंचं साधं भाडं धरलं तर १,११३ मिळतात. फरक जवळपास पाचशेचा. महाग शहरात भाडं ९०० असेल तर काम न करणाऱ्याला १,४६३ पडतात आणि फरक दीडशेच्याही खाली आल्यासारखा दिसतो. वृत्तवाहिन्यांवरच्या वादात नेमकं हेच उदाहरण पुढे केलं जातं. पण त्यात एक गोष्ट गाळलेली असते. कमी पगारावर काम करणाऱ्यालाही वरची भर मागता येते, आणि त्याच्या कमाईतले ३४८ युरोपर्यंतचे हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून ९०० भाडं भरणाऱ्या किमान वेतनाच्या कामगाराच्या हातात सगळं मिळून १,८०० च्या वर पडायला हवेत. काम करणारा काही न करणाऱ्याच्या पुढेच राहतो. अशी भर घेणारे कामगार आठ लाखांच्या आसपास आहेत. आणि सांगितलेलं काम नाकारलं म्हणून २०२३ मध्ये ज्यांचा भत्ता कापला गेला ते सोळा हजारांच्या घरात होते, तर योजनेवर अवलंबून असलेले लोक, त्यांत मुलंही आली, पंचावन्न लाख. आळशी माणूस कुठे नसतो? पण त्याच्यावर नजर ठेवून सगळी व्यवस्था आखायची म्हणजे सोळा हजारांसाठी पंचावन्न लाखांना वेठीला धरणं झालं.

या आक्षेपाच्या पोटात मात्र एक खरी तक्रार दडलेली आहे आणि ती झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. काम करावं की नाही या प्रश्नाचं उत्तर ‘करावं’ असंच येतं. पण थोडं काम करणाऱ्याने जास्त करावं का, या प्रश्नाचं उत्तर बिकट आहे. भत्त्यावर असलेल्याच्या कमाईतले पहिले शंभर युरो त्याचे. त्यापुढे ५२० पर्यंत प्रत्येक शंभरातले वीस त्याच्याकडे राहतात, हजारापर्यंत तीस, मग बाराशेपर्यंत दहा, आणि मूल नसलेल्याला त्यापुढे शून्य. म्हणजे अर्धवेळ काम करणाऱ्या बाईने तास वाढवले तर वाढीव पगार एका हातात येतो आणि भत्ता कमी होऊन दुसऱ्या हातातून जातो. वरून घरभाड्याचं सरकारी अनुदान आणि गरीब मुलांसाठीची जादा रक्कम वेगवेगळ्या खात्यांकडून, वेगवेगळ्या अर्जांवर मिळते, आणि एक वाढलं की दुसरं घटतं. कोट्यधीशाला शेवटच्या कमाईवर पंचेचाळीस टक्के कर पडतो, या बाईला नव्वद टक्के पडल्यासारखं होतं. दोष तिच्या वृत्तीचा नाही, कोष्टकाचा आहे. भत्ता कमी करून तो जाणार नाही. तो हळूहळू उतरता करावा लागेल आणि तसं केलं तर सुरुवातीला सरकारचा खर्च वाढेल. ही गोष्ट कोणताच पक्ष प्रचारसभेत सांगत नाही.

आता घराकडे येऊ, कारण माझ्या मते जर्मनीतल्या महागाईची खरी गोष्ट तिथे आहे. भाजीपाला, दूध, पाव यांवरचा कर सात टक्के, इतर बहुतेक वस्तूंवर एकोणीस. किराणा स्वस्त ठेवणाऱ्या साखळी दुकानांची चढाओढ एवढी तीव्र आहे की पगाराच्या मानाने पोट भरणं तिथे कठीण नाही. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्धामुळे गॅस महागला, महागाई ६.९ टक्क्यांवर गेली आणि त्या एका वर्षात खरा पगार, म्हणजे महागाई वजा जाता उरलेला, चार टक्क्यांनी घटला. पण पुढे संघटनांनी वाटाघाटी केल्या, किमान वेतन ऑक्टोबर २०२२ मध्ये बारा युरोंवर नेलं गेलं, २०२४ मध्ये खरा पगार पुन्हा तीन टक्क्यांनी वाढला. पगाराला बांधलेली व्यवस्था पगाराच्या जखमा भरून काढते, तिला ते जमतं. घरभाड्याचं तसं नाही. विमा संकटाचा काढता येतो: आजार येईल किंवा येणार नाही, नोकरी जाईल किंवा जाणार नाही, सगळ्यांनी थोडं थोडं भरलं की ज्याच्यावर आलं त्याचं भागतं. भाडं प्रत्येकावर प्रत्येक महिन्याला येतं. त्याचा विमा निघत नाही. आणि जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, पश्चिम युरोपात असा देश विरळाच.

भाडं तिथे दोन थरांत सांगतात: नुसतं जागेचं कोरं भाडं, आणि पाणी, कचरा, जिन्याची सफाई, घर गरम ठेवणं हे सगळं धरून होणारं भाडं. वीज बहुतेक वेळा त्याहूनही वेगळी, शिवाय घरटी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, घरात टीव्ही असो वा नसो. घर घेताना अनामत म्हणून तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्यापर्यंत रक्कम द्यावी लागते. २०२२ च्या जनगणनेत देशभरचं सरासरी कोरं भाडं चौरस मीटरला ७.२८ युरो निघालं आणि म्युनिकचं १२.८९. पण म्युनिकमध्ये आज नव्याने घर शोधणाऱ्याला जाहिरातीत दिसणारे दर २० युरोंच्या वर असतात. पन्नास चौरस मीटरचं घर, आपल्या भाषेत साडेपाचशे चौरस फुटांच्या आत-बाहेर: जुन्या भाडेकरूला साधारण साडेसहाशे, नव्याला हजाराच्या पुढे. एकच शहर, तसंच घर, आणि फरक कुठल्याही पगारवाढीहून मोठा. याचं कारण कायद्यात आहे. करार सहसा बेमुदत असतो. चालू करारात तीन वर्षांत वीस टक्क्यांच्या वर, आणि टंचाईच्या शहरांत पंधरा टक्क्यांच्या वर, भाडं वाढवता येत नाही, तेही त्या भागातल्या प्रचलित दरापर्यंतच. मुंबईत पागडीच्या जुन्या चाळी पाहिलेल्या वाचकाला पुढचं सांगायला नको, जरी जर्मन कायदा आपल्या भाडे नियंत्रणाइतका गोठलेला नाही. मुलं घराबाहेर पडल्यावर चार खोल्यांत एकटी राहिलेली म्हातारी लहान घरात जात नाही, कारण लहान घराचा नवा करार तिच्या मोठ्या घरापेक्षा महाग पडतो. आणि दोन मुलांचं तरुण जोडपं दोन खोल्यांत अडकून पडतं.

सरकारने इथे हातपाय हलवले नाहीत असं नाही. २०१५ साली टंचाईच्या भागांत नव्या करारांवर प्रचलित दरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त चढं भाडं लावायला बंदी आली, पण सामान ठेवून ‘सुसज्ज’ म्हणून दिलेली घरं आणि थोड्या मुदतीचे करार या फटींतून मालक सुटत राहिले. बर्लिनने २०२० मध्ये भाड्यांवर सरसकट मर्यादा घातली. घटना न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राज्याला तो अधिकारच नाही म्हणून ती रद्द केली. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्लिनच्या ५६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी तीन हजारांहून अधिक घरं असलेल्या कंपन्यांची मालमत्ता सार्वजनिक ताब्यात घ्यावी असा कौल दिला. कौल अजून कागदावर आहे. बांधकाम व्यावसायिक म्हणतात, नियंत्रण काढा म्हणजे आम्ही बांधू. पण ऑक्टोबर २०१४ नंतर बांधलेल्या घरांना नव्या करारावरची ती मर्यादा लागूच नाही, तरीही २०२४ मध्ये पूर्ण झाली अडीच लाखांच्या आसपास घरं, जेव्हा आधीच्या सरकारचं उद्दिष्ट वर्षाला चार लाखांचं होतं. अडचण व्याजदर, बांधकामाचा खर्च आणि जमिनीची किंमत यांची आहे. मला विचाराल तर मोठी चूक त्याआधीची आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत नियंत्रित भाड्याची सामाजिक घरं चाळीस लाखांच्या आसपास होती. आता एकत्रित देशात ती अकरा लाखांच्या घरात आहेत. अनुदान घेऊन बांधलेल्या घरांवरचं बंधन पंधरा-तीस वर्षांनी संपतं आणि घर बाजारात जातं. नवी त्या वेगाने बांधली नाहीत, आणि ना-नफा गृहसंस्थांना असलेली करसवलतही १९९० साली काढून घेतली. शेजारच्या व्हिएन्नाने आपली पालिकेची घरं विकली नाहीत आणि तिथे आजही निम्मं शहर पालिकेच्या किंवा सहकारी घरांत राहतं. घरं हातची घालवल्यावर जर्मन सरकार आता गरिबांचं भाडं रोखीने भरतं. म्हणजे भत्त्याचे अब्जावधी युरो गरिबाच्या नावाने निघतात आणि घरमालकाच्या खात्यात पोचतात. अनुदान वाढवा ही मागणी म्हणूनच मला अपुरी वाटते. घरं तेवढीच राहिली आणि अनुदान वाढलं तर भाडंच वर जातं.

दुसरा मोठा आक्षेप तरुणांचा. हप्त्यांचे पैसे साठवले जात नाहीत. १९५७ च्या सुधारणेपासून आजच्या कामगाराची वर्गणी आजच्याच पेन्शनरला जाते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरमागे सहा वर्गणीदार होते, आता दोनच्या आसपास. सरकार दरवर्षी शंभर अब्ज युरोंहून जास्त रक्कम करातून या तिजोरीत घालतं, निवृत्तीचं वय २०३१ पर्यंत सदुसष्टवर जातं आहे, तरी हप्ते वाढतच राहणार असं दिसतं. तेव्हा ‘पुढे ढकललेला पगार’ तरुणाला खरोखर मिळणार का? चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आहे तशी कल्याणकारी व्यवस्था आता परवडणारी नाही असं जाहीर केलं आणि त्यांच्याच सरकारमधल्या मजूरमंत्री बेर्बेल बास यांनी ते खरमरीत शब्दांत उडवून लावलं. आकडे बास यांच्या बाजूने थोडे जास्त झुकतात: सामाजिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीस-एकतीस टक्के आहे आणि वीस वर्षांपूर्वीही जवळपास तेवढाच होता. पण तरुणांची भीती पोकळ नाही. सरासरी पगारावर पंचेचाळीस वर्षं हप्ते भरलेल्या माणसाचं पेन्शन जुलै २०२५ च्या दराने १,८३५ युरो होतं, त्यातूनही आरोग्य विमा कापला जातो. मुलांसाठी अर्धवेळ काम केलेल्या बायकांचं त्याहून बरंच कमी. स्वतःचं घर असेल तर एवढ्यात नीट भागतं. नव्या दराने भाडं भरायचं असेल तर भागत नाही. म्हणजे पेन्शनचा प्रश्नही फिरून घरापाशीच येतो: ज्या देशात निम्म्याहून जास्त लोक भाडेकरू आहेत तिथे म्हातारपणाची पुंजी हप्त्यांवर जेवढी, तेवढीच भाडेकरारावर ठरते.

महाराष्ट्राशी याचा संबंध आता कागदोपत्री आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पुण्याच्या पट्ट्यात जर्मन कारखाने आहेत, आणि २०२४ साली राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजारांसाठी. त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली. इथून जाणाऱ्या परिचारिकेची किंवा वायरमनची गत मात्र विचित्र असते. ती पहिल्या दिवसापासून सगळे हप्ते भरते आणि आजारपणाचा मजला तिला पूर्ण मिळतो. बेरोजगारी भत्त्यासाठी आधीच्या तीस महिन्यांत बारा महिने भरलेले हवेत. खालच्या मजल्यासाठी ती कर भरते, पण स्वतः तो भत्ता घेतला तर स्वतःच्या कमाईवर जगण्याची जी अट कायम वास्तव्यासाठी असते तीच मोडते. आणि घराच्या बाजारात ती नेहमी नवीच असते, म्हणून तिचा करार सगळ्यात महाग. स्टुटगार्ट जर्मनीतल्या महाग शहरांत मोडतं. भरती करणाऱ्याने पगाराचा आकडा सांगितला की लगेच विचारावं: राहायची सोय कोण करणार, किती महिन्यांसाठी, सगळं धरून भाडं किती?

पेन्शनच्या बाबतीत मात्र बाजू बरी आहे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने तात्पुरतं पाठवलेला माणूस चार वर्षांपर्यंत इथल्या पीएफमध्येच राहू शकतो आणि तिथली निवृत्तिवेतनाची वर्गणी त्याला पडत नाही. तिथल्या कंपनीत नोकरी करणाऱ्याला जर्मन पेन्शनच्या हक्कासाठी किमान पाच वर्षं लागतात. ती भरताना करारामुळे दोन्ही देशांतला काळ एकत्र धरता येतो, आणि हक्क एकदा लागला की ते पेन्शन सोलापुरात किंवा चिपळूणला बसूनही घेता येतं.